वेल्डिंगच्या मुलीचा ब्लाउजचा क्लास

"राव, ही मुलगी वेल्डिंगची आहे ना?"

मूर्ती सरांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे फिरवला. मूर्ती सर म्हणजे आमचे प्रिन्सिपल. त्यांचं बोट भाग्याच्या नावावर होतं.

"होय सर."

"मग हिनं इलेक्टिव्ह म्हणून ब्लाउज का घेतलाय?"

"ब्लाउज नाही सर. पॅटर्न कटिंग आणि गारमेंट मेकिंग."

"म्हणजे ब्लाउजच की!"

त्यांचं अगदीच चूक नव्हतं, कारण त्या क्लासच्या शेवटी परीक्षेला खरोखरच एक ब्लाउज शिवायचा असतो.

मी म्हैसूरला हेब्बाळच्या बाजूला एका ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेल्डिंग शिकवतो. आमच्याकडे नियम असा की प्रत्येकानं मुख्य ट्रेडबरोबर एक इलेक्टिव्ह घ्यायचं. म्हणजे स्वतः निवडलेला जादा विषय. वेल्डिंगची मुलं साधारण डोळे मिटून दोनच विषय घेतात. एक कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग आणि दुसरं स्पोकन इंग्लिश. पहिल्यात एसी आहे. दुसऱ्यात हॉटेल मॅनेजमेंटच्या मुली असतात. मी इलेक्टिव्हचा इन-चार्ज आहे, त्यामुळे ही दोन्ही कारणं मला पाठ आहेत.

भाग्याचा प्रश्न वेगळा होता. त्या वर्षी वेल्डिंगला आलेली ती एकटी मुलगी. मूर्ती सरांनी गेटवर तिचा मोठा फ्लेक्स लावला होता. डोक्यावर वर केलेलं हेल्मेट, हातात वेल्डिंगचा होल्डर, मागे ठिणग्या. खाली लिहिलेलं, 'आता मुलीही मागे नाहीत'. आणि ही फ्लेक्सवरची मुलगी शिलाई मशीनकडे निघाली होती.

"इंडस्ट्री कमिटी येणार आहे," सर म्हणाले. "त्यांनी विचारलं, तुमची लेडी वेल्डर कुठाय? तर काय सांगू? हुक लावतेय?"

"मी बोलतो तिच्याशी."

"बोलू नका. बदला."

भाग्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर साफ करत होती. पिरियापट्टणच्या बाजूच्या एका खेड्यातली मुलगी. आवाज बारीक, पण एकदा ठरवलं की दगड. आमचं बोलणं कन्नडमध्येच व्हायचं, इथे मराठीत सांगतो.

"ड्रॉइंग का नाही घेतलंस?" मी विचारलं.

"ड्रॉइंग तुम्ही शिकवताच की, सार."

"मग इंग्लिश घे."

"पत्र्याला इंग्लिश कळतं का, सार?"

"भाग्या, नीट सांग. शिवणकाम कशाला?"

तिनं ग्राइंडर खाली ठेवला. "आमच्या बॅरनचा पाईप दर वर्षी गळतो, सार."

बॅरन म्हणजे तंबाखू वाळवायची भट्टी. तिच्या भागात शेताशेतात असते. उंच खोली, आत काठ्यांना बांधून टांगलेली पानं, आणि जमिनीलगत पत्र्याचे जाड नळ. चुलीचा गरम धूर त्या नळांतून फिरतो आणि धुराड्यातून बाहेर जातो. नळ तापतात, खोली तापते, पान सोनेरी होतं. धूर मात्र नळातच राहायला हवा. सांध्यातून बाहेर आला की पानाला वास धरतो आणि अख्खी भट्टी वाया.

"दर वर्षी अप्पा वेल्डरला बोलावतात," ती म्हणाली. "तो एवढी फट ठेवून नळ बसवतो," तिनं दोन बोटं आत जातील एवढं अंतर दाखवलं, "आणि फटीत रॉडवर रॉड जाळतो. तापलं की ते तडकतं. त्याचं वेल्डिंग चांगलं आहे, सार. त्याला कापता येत नाही."

पोरीनं आमच्या धंद्यातलं खरं दुखणं सांगितलं होतं. वेल्डिंग म्हटलं की लोकांना ठिणग्या दिसतात. खरं काम त्याच्या आधीचं असतं. मोजणं, कापणं, जुळवणं. याला आम्ही फिट-अप म्हणतो. फिट-अप चांगला असेल तर शिकाऊ पोरगाही बरं वेल्डिंग करतो. तो वाईट असेल तर ब्रह्मदेवाचाही सांधा गळतो.

"आणि कापणं तू ब्लाउजवर शिकणार?"

"अव्वा," म्हणजे तिची आई, "बाही कापते तेव्हा मी बघितलंय, सार. सपाट कापडावर डोंगरासारखी रेघ मारते. गुंडाळलं की बरोबर खांद्यात बसतं. नळाला नळ जोडायचा म्हणजे तेच नाही का?"

तेच होतं. गंमत म्हणजे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमचं घराणं मराठी शिंप्याचं. पिढ्यानपिढ्या म्हैसुरात. शिवरामपेठेत माझ्या वडिलांचं, अण्णांचं, दुकान होतं आणि माझं बालपण कापडाच्या चिंध्यांत गेलं. मशीनच्या खडखडाटाला कंटाळून मी वेल्डिंगला पळालो, तिथला खडखडाट त्याहून मोठा निघाला तो भाग वेगळा.

"अप्पांना काय सांगितलंस?"

तिचा चेहरा जरा उतरला. "अप्पा म्हणतात, पानं तोडायला सुरुवात होईपर्यंत कुठे अप्रेंटिस म्हणून लागलीस तर ठीक. नाहीतर घरी यायचं. भट्टीवर माणसं कमी आहेत."

म्हणजे सगळं कमिटीच्या दिवसावर होतं. कमिटीत शेट्टी नावाचे एक कारखानदार असतात. हवा आणि धूळ ओढून नेणारे पत्र्याचे मोठे नळ, ज्यांना डक्ट म्हणतात, ते त्यांच्याकडे बनतात. दर वर्षी ते आमच्या वर्कशॉपमध्ये मुलांना एक काम देतात आणि एकाला उचलतात. एकालाच.

मी वर गेलो आणि सरांना म्हणालो, "राहू द्या सर तिला. माझी जबाबदारी."

"तुमची?"

"माझी."

"लिहून द्या."

दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी जेवताना अण्णांना हे सांगितलं. त्यांना आता नीट दिसत नाही, पण टोमणा अचूक बसतो.

"अय्यो, बरंच झालं की!" ते म्हणाले. "तू मशीन बघून पळालास, ती मशीनकडं धावत येती. सुम्ने बिडो तिला, उगी राहू दे. मधी मधी करू नको."

मधे मधे करू नको, हे त्यांचं म्हणणं मला दोन आठवडेसुद्धा पाळता आलं नाही, कारण शिवणक्लासच्या पद्मा मॅडम वर्कशॉपमध्ये येऊन उभ्या राहिल्या. त्याही आमच्यातल्याच, त्यामुळे रागावल्या की मराठीत रागावतात.

"अहो राव, तुमची पोरगी कापडावर रेघ मारती का खिळा ठोकती? माझा खडू मोडला. टेबलाला चरा पडला. वर ग्लव्हज घालून कात्री धरती!"

"सवय आहे तिला."

"आणि शिवताना डोळं बारीक करून तोंड मागं घेती. मी म्हटलं, अग, मशीनमधून ठिणगी नाही उडत!"

मला हसू आवरेना. त्यांनाही आवरलं नाही. जाता जाता म्हणाल्या, "पण डोकं आहे हं. बाहीचा गोल एका दमात काढती. स्वल्प हात हलका झाला तर होईल."

मग पाईपचा धडा आला. एका उभ्या पाईपला दुसरा आडवा पाईप जोडायचा. दुसऱ्याचं तोंड सरळ कापलं तर तो गोल अंगावर बसत नाही, दोन्ही बाजूंना फट राहते. ते तोंड माशाच्या जबड्यासारखं आत वळलेलं कापावं लागतं. मुलं अंदाजानं कापतात, बसवून बघतात, घासतात, परत बसवतात. दुपार त्यातच जाते. भाग्यानं पिशवीतून शिंप्याचा खाकी कागद काढला, पाईपला बाहीसारखा गुंडाळला, मोजमाप घेतलं, कागद सपाट पसरून रेघ मारली आणि कापला. परत गुंडाळून पाईपवर खूण केली. मी लांबून बघत होतो. माझी छाती फुगायला लागली होती.

तिनं पाईप कापला, बसवला, आणि तो बसला नाही. सगळीकडून अर्धं बोट जास्त.

मुलं हसली. "ब्लाउज ढगळ झाला रे!"

"रेघ बरोबर आहे," मी कागद बघत म्हणालो. "पण कापलंय रेघेच्या बाहेरून. असं का?"

"माया सोडली, सार."

शिवणीच्या आत दडवायला शिंपी जे जादा कापड सोडतो त्याला माया म्हणतात. म्हैसुरात आमची मराठी आणि शेजाऱ्यांचं कन्नड एकमेकांत इतकं कालवलंय की पद्मा मॅडमच्या क्लासात कन्नड मुलीही हाच शब्द वापरतात. माया सोडल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा त्या क्लासचा पहिला धडा.

"वेल्डिंगमध्ये माया नाही," मी जरा जोरातच म्हणालो. "उलट तुकडा जरा आखूडच कापायचा. दोन तुकड्यांत रॉडच्या तारेएवढी फट ठेवायची, म्हणजे वितळलेलं लोखंड आत उतरतं. परत माया सोडलेली दिसली तर बघ."

"आयतु, सार."

ती शहाणी. तिनं एकदा ऐकलं आणि परत चुकली नाही. पुढच्या काही दिवसांत तिचे सांधे असे जुळायला लागले की मुलं आपापले पाईप घेऊन तिच्याकडे कागद कापून घ्यायला यायची. हसणारेच सगळ्यात पुढे.

कमिटी आली त्या दिवशी मूर्ती सर सफारी घालून आले. गेटवरचा फ्लेक्स पुसून घेतला होता. शेट्टी जीपमधून उतरले आणि त्यांच्या माणसानं मागून पत्र्याच्या गुंडाळ्या काढल्या.

आम्ही सराव केला होता जाड पाईपवर. हा होता पातळ पत्रा.

पातळ पत्रा म्हणजे काय, ते सांगतो. जाड लोखंडावर आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाला पेटणारी विजेची ज्योत, जरा जास्त वेळ थांबला तरी चालतं. पातळ पत्र्यावर डोळ्याचं पातं लवेपर्यंत भोक पडतं. भोक भरायला जावं तर ते मोठं होतं. त्यात दोन कडा नुसत्या एकमेकींना टेकवून जोडायच्या म्हणजे परीक्षाच.

"एका नळाला दुसरा तिरका जोडा," शेट्टी म्हणाले. "डक्ट आहे. हवा गळता कामा नये. बास."

"सर, पोरांनी पातळ पत्र्यावर फार काम केलेलं नाही," मी हळूच म्हणालो.

"माझ्याकडे दुसरं कामच नाही, राव. आज नाही तर उद्या करणारच आहेत."

पहिल्या पोरानं कापलं, जुळवलं, आर्क लावला. भोक. दुसरा त्याहून हुशार, हळूहळू गेला. भोक आणि त्याच्या शेजारी आणखी एक. मूर्ती सर माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघायला लागलो.

भाग्यानं खाकी कागद गुंडाळून रेघ काढली होती. कमिटीतले दोघे कौतुकानं वाकून बघत होते. मग ती कात्री हातात घेऊन थांबली. पत्र्याची जड कात्री. तिनं वर बघितलं, थेट माझ्याकडे.

"सार," ती म्हणाली, "माया सोडू?"

सगळ्यांच्या देखत मी जे बंद केलं होतं, तेच ती सगळ्यांच्या देखत विचारत होती. आणि त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर अण्णांचं कटिंगचं टेबल उभं राहिलं. बाही लावताना गोलावर माया ताठ उभी राहते, बसत नाही. म्हणून शिंपी तिला जवळजवळ छोटे छोटे कात्रे मारतो. कात्रे मारले की ती फाकते आणि अंगाबरोबर बसते. पत्र्यालाही तसेच दात पाडले, ते बाहेर वळवले, तर दुसऱ्या नळाच्या अंगावर चपखल बसतील. मग कड कडेला जोडायची नाही. पत्र्यावर पत्रा. दुप्पट जाडी. भोक पडायची भीती निम्मी.

"सोड," मी म्हणालो. "आणि कात्रे मार."

तिचा चेहरा उजळला. मी काय म्हणतोय ते तिला पुढे सांगावं लागलं नाही. तिनं रेघेबाहेर अर्धं बोट पत्रा ठेवून कापला. मग कडेपासून रेघेपर्यंत बोटाबोटावर चिरा दिल्या. लाकडी हातोडीनं दात बाहेर वळवले. नळ बसवला. शिंपी बाही टाचतो त्या क्रमानं आधी वरचा बिंदू, मग बरोबर खालचा, मग दोन्ही बाजू, असे टॅक मारले. टॅक म्हणजे वेल्डिंगचा ठिपका, पक्क्या शिवणीआधी घातलेला धावदोराच. मग दातांच्या कडांनी थोडं इकडे, थोडं समोर, असं फिरत वेल्डिंग केलं आणि शेवटी दातांमधल्या फटींत एकेक ठिपका टाकला. एकही भोक पडलं नाही. शिवताना डोळे बारीक करते म्हणून ओरडा खाणारी पोरगी हेल्मेटच्या आत काय करत होती, देव जाणे.

"गळतं का बघायचं कसं?" शेट्टी म्हणाले. "तुमच्याकडे काही आहे?"

मी काही बोलायच्या आत भाग्या म्हणाली, "धूर, सार." आणि मूर्ती सरांकडे वळली. "सर, तुमच्या केबिनमधली अगरबत्ती आणू?"

देवासमोरचा अख्खा पुडा आला. तिनं मूठभर पेटवल्या, नळात सारल्या आणि तोंडं ओल्या फडक्यानं बंद केली. वर्कशॉपमध्ये चंदनाचा वास पसरला. आम्ही सगळे सांध्याभोवती वाकलो. मूर्ती सर तर सफारीची पर्वा न करता गुडघ्यावर बसले.

खालच्या बाजूला एका ठिकाणाहून धुराचा बारीक धागा निघाला.

भाग्यानं खिशातला खडू काढून तिथे फुली मारली, फडकी काढली, हेल्मेट ओढलं आणि एक ठिपका टाकला. परत अगरबत्त्या. परत आम्ही वाकलो. या वेळी काही नाही.

शेट्टींनी सांध्यावर अंगठा फिरवला. "हे दात पाडणं नवं नाही," ते म्हणाले. "माझ्याकडचे पत्र्याचे जुने कारागीर हेच करतात. पण नव्या पोरांना शिकवता शिकवता वर्ष जातं. कुठे शिकलीस?"

मी डोळ्यांनी खूण केली की वर्कशॉपचं नाव घे. तिनं बघितलंच नाही.

"ब्लाउजच्या क्लासात, सार."

मूर्ती सरांनी डोळे मिटले. शेट्टी आधी थांबले, मग एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारच्या फिटर सेक्शनमधली मुलं दारात आली.

"कधी येतेस कामाला?"

"ब्लाउज पुरा करून येते, सार. परीक्षा आहे."

मला काय वाटलं ते सांगू? माझ्या वर्कशॉपमध्ये मी पहिल्यांदाच कुणासाठी टाळ्या वाजवल्या. आधी मी, मग मुलं, शेवटी मूर्ती सर. त्यांनी लगेच फोटोग्राफरलाही हाक मारली.

आता त्या ब्लाउजचं. परीक्षेच्या दिवशी पद्मा मॅडम परत वर्कशॉपमध्ये. हातात लाल ब्लाउज.

"बघा तुमच्या शिकवणीचा प्रताप!"

"काय झालं?"

"सगळं सुरेख. टीप सरळ, गोल सुरेख. पण माया कुठं? रेघेवरच कापलंय! अव्वासाठी शिवला म्हणती. तिच्या अव्वाच्या कोपरावर बाही अडकणार. विचारलं तर म्हणती, राव सार ओरडतात!"

भाग्या त्यांच्या मागे उभी होती. "कुठे सोडायची आणि कुठे नाही, यात गोंधळ झाला, सार," ती म्हणाली. मार्क मिळाले, पण क्लासात सगळ्यात कमी. पद्मा मॅडमनी पास केलं ते बाहीच्या गोलासाठी.

मूर्ती सरांनी पुढच्या वर्षी वेल्डिंगच्या सगळ्या मुलांना पॅटर्न कटिंग सक्तीचं करायचं ठरवलं. फ्लेक्सचा मजकूरही तयार होता. मी म्हणालो, "सर, सक्तीचं केलं तर ते इलेक्टिव्ह कसं राहील?" त्यांनी बराच विचार केला आणि फ्लेक्स तेवढा लावला.

मी मात्र एक बदल केला. कोणता विषय घेऊ, असं कुणी विचारायला आलं की पूर्वी मी नोकरीच्या जागा मोजून सांगायचो. आता विचारतो, तुझा हात कुठे अडतो? परवा एक मुलगा म्हणाला, "सार, हात नाही, जीभ अडते." मी त्याला स्पोकन इंग्लिश दिलं. हॉटेल मॅनेजमेंटच्या मुली तिथे असतात, हे त्यानं आधीच बघून ठेवलं होतं, ते मला नंतर कळलं.

पानं तोडायचा हंगाम सुरू झाला आणि एका सकाळी फोन आला. पिरियापट्टणहून, भाग्याचे अप्पा. त्यांनी आधी माझ्या घरच्यांची चौकशी केली, मग पावसापाण्याची. मग मुद्द्यावर आले.

"सार, मागच्या रविवारी भाग्यानं आमचा नळ करून दिला. धूर नाही. आता शेजारचे तिघे माझ्या दारात बसलेत. तिला म्हटलं, चार दिवस घरी ये. ती म्हणते, सुट्टी नाही."

"मग नसेल, अप्पा."

"तुम्ही सांगा की जरा तिला."

"अप्पा, ती आता माझी विद्यार्थिनी नाही. तुम्हाला तिच्या कारखान्यात विचारावं लागेल."

मग ते पलीकडे कुणाला तरी, बहुधा दारात बसलेल्या त्या तिघांना, मोठ्यानं सांगताना ऐकू आले, "मुलगी येत नाही म्हणते. तिला कामातून सुट्टी नाही!"

इतक्या अभिमानानं मुलगी घरी येत नसल्याचं सांगणारा बाप मी दुसरा पाहिलेला नाही.